बेण्याचा वाटा

हातीं आलेल्या पिकांतील उत्तम वाटा कोणाचा? आजच्या गरजेचा, कीं उद्यांच्या लागवडीचा? हा प्रश्न नांदेडकडील हळदीच्या मळ्यांत दर वर्षीं उभा राहतो.

शीत देशांत डेलियाचे कंद हिंवाळ्यापासून जपतात. अर्धापूर-मुदखेडच्या शेतकऱ्यास बेणें जपावें लागतें तें उन्हाळ्यापासून. हळद निघाली म्हणजे तो टपोरे, निरोगी जेठे गड्डे निवडून दाट सावलींत त्यांचा ढीग घालतो, वर हळदीचाच पाला पसरतो आणि पाणी लागूं देत नाहीं. नाहींतर कोंब अवेळीं फुटतात, वा कंद कुजतो. हेक्टरी सुमारें २५ क्विंटल बेणें असें दोन-तीन महिने निजून राहतें.

उरलेली हळद शिजते, वाळते, झळाळते आणि बाजारांत मोल पावते. परंतु एकदां शिजलेलें हळकुंड पुन्हां अंकुरत नाहीं. भाव तेजींत असतां ढीग न मोडणें, हीच कसोटी.

कोणी म्हणेल, हा दूरदर्शी स्वार्थ; यांत धर्म कोठला? आक्षेप खरा, पण अपुरा आहे. पुढील काढणी पाहावयास आपण असूं कीं नाहीं, याची शाश्वती नसलेला वृद्धही तितक्याच निगुतीनें गड्डे निवडतो. तेथें स्वार्थ संपतो.

मात्र घरांतील दुखण्यासाठीं कोणास ढीग मोडावा लागला, तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. शेजाऱ्यांनीं आपल्या ढिगांतून त्याचें बेणें भरून द्यावें. उद्यांचा वाटा राखणें हें एकट्याचें व्रत नव्हे. तें गांवाचें आहे.