व्यय आणि अपव्यय

काटकसर हा सद्गुण होय, याविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. परंतु जे कामी आले नाही ते सारे वाया गेले, असा एक सिद्धांत या सद्गुणाच्या आडोशाने आपल्या विचारांत शिरतो आणि तो केव्हा शिरला हे आपल्या ध्यानीही येत नाही. मजुराचा विसावा, मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने दिलेला जादा तास, वृद्ध आजीच्या उशाशी बसून घालविलेली संध्याकाळ, या सर्वांपुढे आपण एकच प्रश्न टाकतो : यातून निष्पन्न काय झाले? हा प्रश्न पुरेसा आहे काय, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. आणि त्यासाठी कोणा तत्त्वज्ञाचे दार न ठोठावता आपल्याच देहातील पेशीकडे वळणार आहोत.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला, त्याच्या देहाच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले आणि श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे असा निष्कर्ष काढला. ही चूल पेशींतील तंतुकणिकांत पेटलेली असते, हे पुढे कळून आले. अन्न जाळून सुटणारी ऊर्जा तेथे कशी पकडली जाते, याचे उत्तर पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली दिले. ही ऊर्जा तंतुकणिकेच्या आतील पटलापलीकडे प्रोटॉन उपसण्यात खर्च होते, असे त्याचे म्हणणे. बांधाआड पाणी साचावे तसे ते पलीकडे साचतात आणि परतताना जणू एका सूक्ष्म पाणचक्कीतून येतात. ती चक्की फिरली की एटीपी तयार होते. पेशीचे सारे व्यवहार याच नाण्यावर चालतात. पुष्कळ वर्षे ही कल्पना विद्वानांच्या गळी उतरली नाही. १९७८ साली मात्र तिला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या व्यवस्थेतील नियमन मोठे चोख आहे. एटीपी खर्च झाले की त्याचे एडीपी होते आणि ते चक्कीकडे परत येते. खर्चच झाला नाही तर चक्कीला दळण राहात नाही, ती थांबते. बांध तुडुंब भरतो. भरल्या बांधात आणखी उपसणे जड जाते आणि श्वसन आपोआप मंदावते. गरजेपुरतेच जाळावे, ही शिस्त कोणाही कारभाऱ्याने हेवा करावा अशीच आहे. आणि तरीही हा बांध गळतो. विसावलेल्या उंदराच्या देहात जेवढा प्राणवायू खर्ची पडतो, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या गळतीपायी जातो, असा अंदाज आहे. त्यातून नाणे पडत नाही; केवळ ऊब निर्माण होते.

एवढ्यावरच हे थांबत नाही. देहाच्या एका भागात ही गळती मुद्दाम घडविली जाते. १५५१ साली कोनराड गेस्नर याने मार्मॉट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्याच्या अंगी धड मेद नव्हे नि धड मांस नव्हे असा एक पदार्थ नोंदविला होता. तोच हा तपकिरी मेद. नवजात अर्भकाच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांपाशी तो असतो. त्याच्या तंतुकणिकांच्या पटलात एक खास प्रथिन असते. ते म्हणजे बांधाला ठेवलेले दारच. एरवी एटीपीसारखे घटक या दाराला अडसर घालून असतात. थंडीची वार्ता मज्जातंतूंवाटे पोहोचली की मेदाम्ले सुटतात, अडसर निघतो, प्रोटॉन चक्कीला वळसा घालून परततात आणि साऱ्या ऊर्जेची ऊब होते. ज्या अर्भकाला नीट कुडकुडताही येत नाही, ते या ‘अपव्यया’वर जगते.

मग गळती चांगलीच म्हणावी काय? याचे उत्तर डायनायट्रोफेनॉल या रसायनाच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत त्याच्या संपर्काने कामगार घामाने निथळून, तापाने फणफणून मेले. हे द्रव्य त्याच पटलातून प्रोटॉन आत वाहून नेते. मात्र त्याला दार नाही नि अडसरही नाही. १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे ते वजन घटविण्याचे औषध म्हणून पुढे आले आणि हजारोंनी ते घेतले. कित्येकांना मोतीबिंदू झाले, काही प्राणांस मुकले. १९३८ साली ते माणसाने सेवन करण्यास अयोग्य ठरले. त्यावर खास असा उतारा आजही नाही. तरीही ते चोरून विकले जाते आणि देह सडसडीत करण्याच्या हव्यासापायी तरुण माणसे त्याला बळी पडतात.

दोन्हीकडे घडते ते एकच : चक्की न फिरविता ऊर्जा निघून जाते. मोजणाऱ्याच्या वहीत दोहोंची नोंद सारखीच पडेल. परंतु एका ठिकाणी दार कोणासाठी उघडावे आणि केव्हा लावावे, हे ठरलेले आहे. दुसरीकडे दारच उरलेले नाही. दान आणि उधळपट्टी यांतील भेद किती गेले यावर नाही, तर ते कोणाच्या गरजेने गेले आणि हात आवरता येत होता की नाही यावर आहे, असे आम्हांस वाटते.

पेशीला पाप-पुण्य नाही, तेव्हा तिच्यापासून नीती कशी शिकावी, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. निसर्गात आहे म्हणून ते योग्य, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ‘वाया गेले’ हा निकाल हेतू ठाऊक असल्याखेरीज देता येत नाही. डुकराच्या पूर्वजांनी हे प्रथिन सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी गमावले. म्हणून डुकराची पिले कुडकुडतात, एकमेकांना बिलगतात आणि रानडुकराची मादी त्यांच्यासाठी पालापाचोळ्याचे घरटे रचते. पेशीने वाचविलेला खर्च आईच्या श्रमाच्या खाती पडला, इतकेच. अपुऱ्या दिवसांच्या मानवी बालकांतही तपकिरी मेद पुरता साठलेला नसतो. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी अशा बालकांस आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि ती आपल्या देशातील रुग्णालयांतही रुजली. छातीशी बालक घेऊन तासन् तास बसलेली ती माता कार्यक्षमतेच्या हिशेबात रिकामीच बसलेली असते.

कोणाला तरी ऊब हवी असते आणि ती कोणाच्या तरी खर्चातूनच येते. तो खर्च आपण वहीतून खोडला म्हणून टळत नाही. तो बहुधा अधिक दुबळ्याच्या माथी जातो. विसावा, सोबत, शुश्रूषा यांस अपव्यय ठरविण्यापूर्वी आपण एवढे तरी विचारावे की, ही ऊब थांबली तर गारठणार कोण?