मधली वर्षे

लग्नाच्या मिस्सेत वधू-वरांनी वचने दिली, अंगठ्या घातल्या, आणि व्हिडिओवाला पुढे येऊन म्हणाला, "फादर, अंगठी परत एकदा, कॅमेऱ्याकडे बघून." आम्ही नको म्हटले. जरा रागानेच म्हटले. त्याचेही पोट त्यावर आहे.

त्या रात्री बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' आठवला. १९२४ सालचा मूकपट, जेमतेम पाऊण तासाचा. नायक थिएटरात प्रोजेक्टर चालवतो, झाडलोटही करतो, आणि गुप्तहेर व्हायचे पुस्तक वाचतो. त्याच्या आवडत्या मुलीच्या वडिलांचे घड्याळ चोरीला जाते, आळ याच्यावर. हा प्रोजेक्टरपाशी झोपतो, स्वप्नात पडद्यात शिरतो आणि थोर गुप्तहेर होतो. खऱ्या चोरीचा छडा मात्र ती मुलगी लावते. गहाणवाल्याच्या दुकानात जाऊन सरळ विचारते, घड्याळ कोणी आणले? (याच चित्रपटात पाण्याच्या टाकीचा लोट अंगावर पडून कीटनची मान मोडली होती. ते कळले कित्येक वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर.)

शेवटी ती माफी मागायला येते. याला काही सुचत नाही. तो चोरून पडद्याकडे बघतो. तिथला नायक हात धरतो, हाही धरतो. तो अंगठी घालतो, हाही घालतो. मग पडद्यावर एकदम दिसते: नायकाच्या मांडीवर बाळे! आपला गडी डोके खाजवत राहतो. मधले काय?

संत ऑगस्टीन तरुणपणी कार्थेजच्या नाटकांना वेडावले होते. पुढे आत्मकथनात त्यांनी स्वतःलाच विचारले की, रंगमंचावरच्या दुःखावर आपण रडतो, पण तिथे कुणाला मदत करावी लागत नाही, मग ती दया कसली? आम्हाला वाटते, पडद्यासारखे जगण्यातही हीच सोय आहे. हावभाव उसने मिळतात, आणि मदतीला उठावे लागत नाही.

पण अनुकरण मुळातच वाईट म्हणावे, तर संत पौलही करिंथकरांना अनुकरणच करायला सांगतो. आणि शुभवर्तमानातही मधला भाग गाळलेला आहे. लूक बारा वर्षांचा येशू मंदिरात दाखवतो, मग एकदम तिशीचा. मधल्या अठरा वर्षांबद्दल एवढेच की, तो नाझरेथला आईवडिलांच्या आज्ञेत राहिला, ज्ञानाने वाढला. गावाने त्याला सुतार म्हणून ओळखले. नक्कल करावी असा एकही हावभाव तिथे नाही. रोजचे काम आहे, घरची माणसे आहेत.

लग्नानंतर दोन-चार वर्षांनी काही जोडपी आमच्याकडे येतात. सासूबाईंचे आजारपण, घराचा हप्ता, महिनाभराचा अबोला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण अशा वेळी आम्हीही डोकेच खाजवतो. मग चहा ठेवतो, आणि दोघांना समोर बसवून आधी ऐकून घेतो.