पहिला टोला

इंग्रजी शब्दकोशात एक गंमत आहे. उलट हाणणे म्हणजे 'रिटॅलिएट', तो आधी येतो आणि नुसते हाणणे म्हणजे 'स्ट्राइक', तो मागाहून! मला तरी यात वर्णमालेचे शहाणपण दिसते. जगात पहिला टोला कुणी मारतच नाही. जो तो परत करीत असतो.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहा. समोर खांदेरी आणि उंदेरी. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवाजीमहाराजांनी १६७९ साली खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांना तो मुंबईला शह वाटला. त्यांनी जहाजे धाडली. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने उंदेरी गाठली. मग तोफा एकमेकींना 'उत्तर' देत राहिल्या.

बेटांचं सोडा, आमच्या घरात पाहा. चापट, गुद्दा, बुक्की, रट्टा... माल भरपूर, पण मूळ मालक सापडत नाही. "त्यानं आधी मारलं!" असं दोघेही चिरंजीव सांगतात, आणि दोघेही खरं बोलतात. हिशेब कुठून धरायचा, एवढाच वाद!

भांडण मिटतं ते कुणीतरी एक टोला येणे बाकी म्हणून सोडून दिला, तरच. पण उधारी ठेवायला छाती लागते. आपण सगळे रोखीचे व्यापारी!