मोकळ्या जागेचा हिशेब

आमचा भाचा संगणकाचे प्रोग्राम लिहितो. परवा जेवायला आला तो तोंड पाडूनच. म्हटलं, "काय रे, नोकरी गेली का?"

"नाही मामा. आमच्या फाइलीत एकाने टॅब घातले."

मी पडलो बी.कॉम. टॅब म्हणजे टाइपरायटरची गाडी ठरल्या खुणेपर्यंत पळवणारी कळ, एवढंच मला ठाऊक. भाच्याने समजावलं. प्रोग्रामच्या ओळी थोड्या आत सरकवून लिहितात. कोणी त्यासाठी टॅब मारतो, कोणी स्पेस. तोच टॅब एकाच्या एडिटरमध्ये चार घरं दिसतो, दुसऱ्याच्या आठ. पायथॉन भाषेची २००१ सालची लेखनपद्धती चार स्पेस सांगते. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे आठ घरांच्या टॅबवर ठाम. थोडक्यात, गंध उभं की आडवं!

"पण मजकूर तर तोच ना?"

"तीच तर गोम आहे! त्याने बदलला एक शब्द; पण त्याच्या एडिटरने चारशे ओळींतल्या स्पेसचे टॅब केले. आता नोंद सांगते, चारशेही ओळी त्याने बदलल्या. खरा बदल शोधायचा कुठे?"

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. आमच्याकडे एका आकड्याची खाडाखोड झाली तरी शेजारी सही लागते. अख्खं पान सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवणाऱ्याची मला फार धास्ती वाटते. त्याच्या मनात पाप नसेलही. पण पाप लपायला याहून सोयीची जागा नाही.

मग बरोबर कोण? टॅबवाला म्हणतो, ज्याने त्याने आपल्या डोळ्यांना सोसेल तेवढं अंतर पाहावं. स्पेसवाला म्हणतो, मला दिसतं तेच सर्वांना दिसावं. दोघेही सज्जन, म्हणूनच भांडण मिटत नाही. एक जरी लबाड असता तर तडजोड झाली असती.

उपाय म्हणून फाइलींच्या दारातच 'एडिटरकॉन्फिग' नावाची चार ओळींची चिठ्ठी ठेवतात : इथे स्पेस, तेही चार. अनेक एडिटर ती वाचून मुकाट्याने तसे वागतात. चार हा आकडा काही पवित्र नाही; तो सर्वांना एकच आहे, एवढंच त्याचं पुण्य. दुसऱ्याच्या दारात चपला काढतो, तसंच. आपल्या घरी खुशाल चपला घालून झोपा!

मला इतकं पटलं, की रात्रीच स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठी डकवली : 'डबे उंचीप्रमाणे लावावेत.'

सकाळी खाली हिच्या अक्षरात शेरा होता : 'खाते संयुक्त आहे. दुसरी सही नाही. परत.'