नाव कुणाचं?

गावाचा वारसा जपा म्हणतात. कुठलं गाव? १९४८ साली घटना समितीत बाबासाहेबांनी ज्याला अज्ञानाची, कोतेपणाची गुहा म्हटलं, तेच ना? तिथला वाडा आमच्या बापजाद्यांनी वेठीनं दगड वाहून उभा केला. नाव मात्र पाटलाचं. असला वारसा कोसळला तर आपलं काय जातं?

पण एकदा कार्ल्याला जा. लोणावळ्याजवळ, डोंगरात. दोन हजार वर्षांचं बौद्ध चैत्यगृह, छताच्या लाकडी कमानी अजून शाबूत. लोक एकवीरेचं दर्शन घेऊन परततात. तुम्ही चैत्याच्या दाराशी थांबा. तिथं ब्राह्मीत कोरलंय की हे दार धेनुकाकटाच्या सामी सुतारानं केलं. त्या लेण्यात राजे आहेत, शेठ आहेत, अन् त्यांच्या बरोबरीनं हा सुतारही आहे. राबणाऱ्याचं नाव दगडावर राहू शकतं, याचा हा पुरावा.

म्हणून गावकुसाबाहेरची आपली विहीरही बुजवू देऊ नका. ती बुजली की उद्या गावच म्हणेल, इथं शिवाशिव नव्हतीच. पुरावा गाडला की अन्याय मिटत नसतो, करणारा तेवढा सुटतो. म्हाताऱ्यांना विचारा, विहीर कुणी खणली, वाड्याचा दगड कुणी वाहिला. नावं लिहून घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवरच.