बाकडं आणि वारूळ

प्रश्न विचारला तो अकरावीतल्या एका मुलाने. मार्गशीर्षातली रात्र होती, देवळाच्या मंडपात तालीम संपत आली होती. मी त्याला सांगत होतो की, होडी आणायची नाही. तू बाकड्याच्या टोकाला बस, पाण्यात सोडल्यासारखा हात खाली सोड, होडी लोकांना दिसेल. त्याने ऐकून घेतलं, गाभाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, म्हणजे आत आहे ते पण असंच ना? सगळ्यांनी ठरवलं म्हणून दिसतं?"

उद्धटपणा त्यात अजिबात नव्हता. म्हणूनच मला चटकन उत्तर देववेना. "उद्या बोलू" म्हणालो आणि दिवे मालवले.

लाटंबार्सेत आमच्या वाड्यावरचा रंगमंच म्हणजे देवळासमोरचा चौथरा. चौदा फूट रुंद, अकरा फूट खोल. उजवीकडे दीपस्तंभ आड येतो, म्हणून प्रवेश डावीकडूनच. दर्शनी पडदा नाही. विंग म्हणून दोन बांबूंना चादर बांधतो. माणसं तिन्ही बाजूंनी बसतात, पोरं तर चौथऱ्याच्या कडेलाच हनुवटी टेकून असतात. जत्रेच्या दुसऱ्या रात्री इथे दोन एकांकिका होतात आणि त्या निवडायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे.

संहिता हातात आली की आधी पेन्सिल घेऊन मी कंसातल्या सूचना खोडतो. दिवाणखाना, डावीकडे सोफा, मागे खिडकी, खिडकीतून समुद्र, हे सगळं जातं. मग उरलेले नुसते संवाद घरात मोठ्याने वाचतो. बायको भांडी आवरता आवरता ऐकते. कोण कुठे आहे, कोण कुणाला टाळतंय, हे तिला कळलं तर एकांकिका आमची. "हा आता कुठून बोलतोय?" असं तिने विचारलं की पुस्तक परत कपाटात. पु. ल. देशपांड्यांची ‘विठ्ठल तो आला आला’ या परीक्षेत सहज उतरली. एलकुंचवारांची ‘होळी’ही उतरते, पण तिला वसतिगृहातल्या पोरांचा घोळका लागतो, तो आमच्या चौथऱ्यावर मावणार नाही. ती राहून गेली याची मला आजही रुखरुख आहे.

एका वर्षी मी ही रीत मोडली. कुणीतरी सोफा देऊ केला, मंडळाला हौस होती, डिचोलीहून टेम्पोतून तो आला. पहिला प्रवेश संपेपर्यंत लोक सोफाच बघत राहिले. दुसरा प्रवेश इस्पितळातला. सोफा खाली उतरवायला जागा नव्हती, म्हणून वर पांढरी चादर टाकली. पण त्याचा पलंग काही झाला नाही. चादर टाकलेला सोफा म्हणूनच तो शेवटपर्यंत तिथे बसून राहिला. दोष सोफ्याचा नव्हता, निवड माझी होती. त्या रात्री एक गोष्ट मनात पक्की बसली: जी वस्तू आधीच पूर्ण आहे, तिला दुसरं काही होता येत नाही.

बाकडं मात्र होतं. लहानपणी दोडामार्गाकडून दशावतारी मंडळी यायची. मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कोणतं ते संध्याकाळी ठरायचं आणि संवाद रंगमंचावरच जुळायचे. सामान म्हणजे पेटारा, हार्मोनियम, मृदंग, झांज. आणि एक बाकडं, तेही बहुधा गावातलंच. एका काल्याला हरिश्चंद्राचं आख्यान लागलं होतं. राजा आला, त्याने बाकड्याला उजव्या हाताची बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि मग बसला. झालं सिंहासन. पहाटेच्या सुमारास त्याच बाकड्यावर रोहिदास आडवा होता आणि तारामती त्याच्या पायाशी बसून टाहो फोडत होती. आजीने पदर तोंडात धरला होता. सिंहासनाची चिता झाली ती मधे कुणी काही हलवल्यामुळे नव्हे.

उजाडल्यावर मी मागे गेलो, तर तोच राजा त्याच बाकड्यावर बसून चहा पीत होता. मुकुट मांडीवर, गालावरचा रंग अर्धा पुसलेला. माझा विरस झाला नाही. उलट बाकड्याला एकदा हात लावून बघावासा वाटला.

नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेलं, वेशभूषा, रंगभूषा, रंगमंचावरचं सामान. न्यायशास्त्रातही हाच शब्द आहे, पण तिथे आहार्य ज्ञान म्हणजे उलट गोष्ट ठाऊक असताना इच्छेने केलेलं ज्ञान. हे बाकडं आहे हे माहीत असून ‘ही होडी’ असं मानणं. दोन शास्त्रांनी एकच शब्द वापरावा याचा मला फार आनंद होतो, कारण माझं सगळं काम या दोन आहार्यांमधल्या देवघेवीचं आहे. मंचावरचं पहिलं जितकं कमी करू, तितकी लोकांच्या मनातल्या दुसऱ्याला जागा मिळते.

पण मुलाचा प्रश्न इथेच टोचतो. देवही आहार्य ज्ञानच का?

आमच्याकडे याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. गोव्यात गावोगावी सातेरी आहे आणि मूळची सातेरी म्हणजे वारूळ, आम्ही रोयण म्हणतो. तोंड नाही, हात नाहीत, आयुधं नाहीत. मुखवटा चढतो तो नंतर. गोव्यातल्या काही घराण्यांत चतुर्थीला आजही कागदावर रेखलेला गणपती पुजतात. मूर्ती ठेवणं जिवावर बेतत होतं त्या काळाची ती आठवण. आणि कुठल्याही पूजेत विड्याच्या पानांवर एक सुपारी ठेवली की गणपती झाला. पूजा संपली, अक्षता वाहिल्या, विसर्जन झालं की सुपारी पुन्हा सुपारी. याहून कमी नेपथ्य कुठल्या एकांकिकेला असेल?

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवातच अध्यासाने केली आहे. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते ती चूक, ज्ञान झालं की गळून पडते. पण पुढे उपासनेचा विचार करताना तेच आचार्य शाळिग्रामात विष्णू पाहण्याचा दाखला देतात आणि तिथे चूक म्हणत नाहीत. शाळिग्राम दगड आहे हे पुजणाऱ्याला ठाऊकच असतं. चौथ्या अध्यायात याची दिशाही सांगितली आहे: दृष्टी ठेवायची ती श्रेष्ठाची, कनिष्ठावर. सारथ्याकडे राजा म्हणून पाहावं, राजाकडे सारथी म्हणून पाहू नये. हे वाचलं तेव्हा मला हरिश्चंद्राचं बाकडं आठवलं. बाकड्याला सिंहासन मानलं की माणूस उठून उभा राहतो. सिंहासनाला बाकडं मानलं की नुसता बसतो.

तेव्हा त्या मुलाला मला सांगायचंय ते असं. ‘ठरवलं’ हा तुझा शब्द अर्धा बरोबर आहे. होडी आपण ठरवतो, सुपारीही ठरवतो, आणि खेळ किंवा पूजा झाली की मोडतोही. पण वारूळ कुणी ठरवून बांधलेलं नाही. ते पावसात आपलं आपण वर आलं. आपल्या पूर्वजांनी त्यातली कसदार माती पाहिली, भाताचं पीक पाहिलं आणि वाकले. त्याचं विसर्जन नाही. आधी नमस्कार झाला, नाव मागून आलं. आणखी एक. आपला चौथरा लोकांकडे तोंड करून नाही, तो गाभाऱ्याकडे तोंड करून आहे. लोक मधे बसतात. दशावतारी राजा बाकड्याला हात लावून कपाळाला लावायचा तेव्हा लोकांकडे बघत नव्हता. बाकड्याचं काय करायचं हे आपल्या हातात आहे, पण ते कुणाच्या नजरेसमोर करायचं, हे आपण ठरवलेलं मला तरी कधी आठवत नाही. याहून जास्त मला सिद्ध करता येणार नाही, आणि तू मान्य केलंच पाहिजेस असंही नाही.

हे सगळं त्याला दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. तो शिकवणीहून धावत आला, सायकल टेकवून थेट चौथऱ्यावर गेला. होडीचा प्रवेश सुरू झाला. बसला, हात खाली सोडला, बोटांनी पाणी कापत राहिला. किनारा आला तसा उठला, आणि उतरण्याआधी वाकून पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. ते मी सांगितलेलं नव्हतं.