भरपाई आणि अनुग्रह

देवघेवीच्या जुन्या कागदांत 'भरपाई' हा शब्द मोठ्या नेमक्या अर्थाने येतो. कुळाने मुद्दल आणि व्याज चुकते केले, की सावकार खताच्या पाठीवर 'भरून पावलो' अशी अक्षरे लिहून खाली सही करीत असे, आणि त्या क्षणापासून उभयतांमधील दावा संपत असे. त्या पावतीचेच नाव भरपाई. हिशेबाच्या वहीत जन्मलेला हा शब्द मनुष्याच्या मृत्यूला लावण्याचे धाडस समाजाने केव्हा केले, कोणत्या गरजेपोटी केले, आणि रुग्णालयातील हयगयीमुळे ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्या बाबतीत तो उच्चारताना आपल्या मनात नेमके काय असते, याचा एकदा नीट मागोवा घ्यावा असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटत आले आहे. कारण तरुण मुलगा गमावलेला बाप कोणत्याही रकमेखाली 'भरून पावलो' असे लिहू शकणार नाही, हे न्यायाधीशही जाणतो आणि रक्कम देणाराही जाणतो. तरीही ती रक्कम ठरते, दिली जाते आणि दिली गेलीच पाहिजे, असे आपण मानतो.

वैद्याच्या चुकीला शासन असावे, ही कल्पना आपल्याकडे फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, रोग प्राणघातक असल्याची वर्दी न देता वैद्याने उपचार आरंभिले आणि रोगी दगावला तर प्रथम, म्हणजे सर्वांत हलका, साहसदंड, आणि उपचारातील चुकीमुळेच तो दगावला असेल तर मध्यम साहसदंड, असा स्पष्ट विवेक केलेला आढळतो. मनू आणि याज्ञवल्क्य यांनीही मिथ्या चिकित्सा करणाऱ्यास, रोगी पशू आहे की मनुष्य हे पाहून, कमीअधिक दंड सांगितला आहे. हा विवेक वाचताना मन प्रसन्न होते, परंतु पुढच्याच क्षणी एक गोष्ट लक्षात येते, की हा सर्व दंड राजाच्या कोशात जमा होत असे. ज्या घरात प्रेत आणले गेले त्या घराचा या व्यवहारात उल्लेख नाही. अपराध घडला तो राज्याच्या व्यवस्थेविरुद्ध, त्यामुळे ऋणको वैद्य आणि धनको राजा. विधवा आणि पोर यांचे खाते त्या वहीत उघडलेलेच नव्हते. इस्लामी न्यायशास्त्रात 'दियत' म्हणून जी रक्कम वारसांना मिळे, तिच्यात कुटुंबाला निदान पक्षकाराचे स्थान होते.

इंग्रजांचा कायदा तर याबाबतीत आपल्याहून कठोर होता. १८०८ साली लंडनमध्ये एक खटला चालला. घोडागाडी उलटून एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली आणि सुमारे महिन्याभराने रुग्णालयात मरण पावली. पतीने दावा केला तेव्हा लॉर्ड एलनबरो यांनी असा निर्वाळा दिला, की दिवाणी न्यायालयात मनुष्याच्या मृत्यूबद्दल हानी म्हणून तक्रार करता येत नाही. पत्नी अंथरुणाला खिळली होती तेवढ्या दिवसांचे पतीला मिळाले. ती मेली त्या दिवसापासून पुढचे काही नाही. याचा अर्थ असा, की जखमी करणाऱ्यापेक्षा जिवे मारणारा स्वस्तात सुटत असे. 'डिओडँड' नावाची एक जुनी प्रथा होती खरी, जिच्यान्वये मृत्यूस कारण झालेली वस्तू, मग ती गाडी असो की बैल, किंवा तिची किंमत सरकारजमा होई. पण ती सरकारजमाच होई. पुढे आगगाड्या धावू लागल्या, एकेका अपघातात अनेक माणसे मरू लागली, आणि १८४६ साली लॉर्ड कॅम्बेल यांच्या प्रयत्नाने ही प्रथा रद्द होऊन मृताच्या आप्तांना दाव्याचा हक्क देणारा कायदा संमत झाला. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली १८५३ च्या एप्रिलमध्ये. तिला दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १८५५ चा तेरावा कायदा म्हणून, तोच हक्क हिंदुस्थानात आला. पती, पत्नी, आईबाप आणि मुले एवढ्यांनाच त्याचा लाभ. भाऊ आणि बहीण त्यात नाहीत, आणि एकत्र कुटुंबाच्या या देशात ही उणीव कोणाला फारशी खटकली नाही याचे मला आजही नवल वाटते.

मात्र या कायद्याने भरून दिले ते केवळ आर्थिक नुकसान. शोकाचा मोबदला नाही, हे विलायतेतील न्यायालयांनी १८५२ मध्येच ठरवून टाकले होते. मृत माणूस घरात किती आणीत होता आणि आता किती कमी येईल, एवढाच प्रश्न.

हा कायदा वैद्यकाच्या दारापर्यंत कसा पोहोचला, हे पाहण्यासाठी आपल्याच कोकणात यावे लागते. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गावच्या पुळणीवर सुमारे वीस वर्षांच्या एका युवकाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. लाकडी फळ्या बांधून त्याला सुमारे दोनशे मैलांचा प्रवास टॅक्सीने घडवून पुण्याच्या एका रुग्णालयात आणले, आणि ९ मे रोजी, ज्या दिवशी तो तेथे दाखल झाला त्याच दिवशी रात्री, तो मरण पावला. वडील स्वतः वैद्यकीय व्यवसायी होते. भूल न देता, माणसे लावून, अतिरिक्त बळाने पाय ओढून हाड बसविण्यात आले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असा त्यांचा आरोप. रक्तात मेदाचा कण अडकल्याने मृत्यू झाला, असा शस्त्रवैद्याचा बचाव. न्यायालयाने पित्याचे म्हणणे मान्य केले, मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना दक्षता, कोणता उपचार करावा हे ठरविताना दक्षता, आणि तो उपचार करताना दक्षता. परमोच्च कौशल्याची अपेक्षा नाही, वाजवी कौशल्याची आहे. आणि उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य वैद्याला आहेच, हेही त्याच निकालात आहे. डॉक्टरांविषयीच्या संतापात हे दुसरे अंग आपण वारंवार विसरतो. रोगी दगावला म्हणजे हयगय झालीच, असे म्हणणारा समाज अखेर असा वैद्य निर्माण करील, की जो कठीण रोग्याला हात लावणार नाही.

त्या पित्याला मिळाले ३,००० रुपये. पंधरा वर्षे तीन न्यायालयांत लढून मिळालेली ही रक्कम त्या काळच्या मानानेही मोठी नव्हती, आणि स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाने तो दावा पैशासाठी लढविला असेल हे संभवत नाही. मला वाटते, भरपाईच्या कल्पनेला नवे वळण मिळाले ते येथे. १८५५ च्या कायद्याने पित्याला विचारले होते, 'तुझे किती बुडाले?' पित्याला मात्र न्यायालयाकडून वेगळे काही हवे होते: 'हे असे घडले, ते टाळता आले असते, आणि त्याची जबाबदारी अमुक यांची आहे,' हे सही-शिक्क्यानिशी लिहून. रक्कम हे त्या लेखाचे केवळ परिमाण होते.

दुसरे प्रकरण औरंगाबादचे. १९६३ च्या जुलैमध्ये एक स्त्री तेथील सरकारी रुग्णालयात बाळंत झाली, तीन दिवसांनी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली, आणि पोटात कापडाचा बोळा तसाच राहून गेला. प्रकृती बिघडत गेली, पुन्हा पोट उघडले तेव्हा तो बोळा सापडला, आणि २४ जुलै रोजी ती गेली. खालच्या न्यायालयाने पती व मुलांना ३६,००० रुपये देवविले. उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. रुग्णालय चालविणे हे सरकारचे सार्वभौम कार्य, त्यातील नोकराच्या चुकीबद्दल सरकार जबाबदार नाही, हा युक्तिवाद तेथे चालला. कंपनी सरकारच्या काळात ज्याची मुळे आहेत असा हा सिद्धांत स्वतंत्र भारतात एका बाळंतिणीच्या वारसांविरुद्ध उभा राहिला. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला सारला. पोटात बोळा राहतो तेव्हा वस्तुस्थितीच साक्ष देते, कोणत्या हाताने तो राहिला हे वारसांनी सिद्ध करण्याची गरज नाही, आणि सरकार आपल्या नोकरांच्या हयगयीस जबाबदार आहे, असे म्हणून ३६,००० चा हुकूमनामा पुन्हा कायम झाला. १९६३ साली जन्मलेले मूल त्या दिवशी बत्तीस वर्षांचे होते.

मध्यंतरी १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला होता, ज्याच्या मागे पुण्यामुंबईच्या ग्राहक पंचायतींसारख्या संघटनांची चळवळ होती. आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन केलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली आणली. दिवाणी दाव्याच्या तुलनेने मार्ग सोपा झाला. मात्र ज्या रुग्णालयात कोणाकडूनच शुल्क घेतले जात नसे, त्यातला रोगी या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरला नाही. म्हणजे जो सर्वांत गरीब, त्याच्या वारसांना पुन्हा औरंगाबादचाच लांबचा रस्ता.

रक्कम मोजण्याची रीत मोटार अपघातांच्या निकालांतून सिद्ध झाली. अठ्ठावीस वर्षांचा, महिना २०,००० मिळविणारा, मागे पत्नी व दोन मुले असलेला माणूस घ्या: वर्षाचे २,४०,०००, त्यातून स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा जाता १,६०,०००, वयानुसार ठरलेल्या १७ या गुणकाने गुणून २७,२०,०००. भविष्यातील वाढ आणि अंत्यविधीचा खर्च आणखी. ही रीत निश्चित आहे, आणि निश्चिततेला न्यायात मोल असते. परंतु जो कमवीत नव्हता त्याचे काय? १९८९ मधील जमशेदपूरच्या आगीत मेलेल्यांची भरपाई ठरविण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याकडे आले, आणि तो विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा, २००१ मध्ये, गृहिणीच्या सेवेचे मूल्य महिना ३,००० रुपये धरण्यात आले. चार वाजता उठून रात्री दहापर्यंत खपणाऱ्या स्त्रीचे घरातील काम न्यायालयाच्या हिशेबात अंकाने मांडले गेले, ही मोठी गोष्ट; आणि तो अंक एवढा लहान असावा, ही लाजेची. पुढे २०१३ मध्ये, कोलकात्यात चुकीचे उपचार होऊन मुंबईत मरण पावलेल्या एका अनिवासी भारतीय स्त्रीच्या पतीला सुमारे ६ कोटी रुपये मिळाले, आणि वैद्यकीय हयगयीत गुणकाची चौकट जशीच्या तशी लावू नये असे न्यायालयाने म्हटले. पती स्वतः डॉक्टर होते आणि पंधरा वर्षे झगडले. ज्यांना हे शक्य नाही, अशांची घरे या देशात असंख्य आहेत.

यातलीच काही घरे भंडाऱ्याच्या दुर्घटनेतील. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागून दहा बालके मरण पावली, आणि प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. अशा मदतीला शासकीय भाषेत 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. मी या शब्दापाशी थांबलो, कारण सारा इतिहास तो उलटा फिरवितो. अनुग्रह करणारा वर असतो, घेणारा हात पसरतो. देणाऱ्याने काही कबूल केलेले नसते आणि घेणाऱ्याला काही विचारण्याचा अधिकार उरत नाही. तातडीची मदत लवकर पोहोचते, हा तिचा गुण मी नाकारीत नाही. पण ती पोहोचली म्हणजे प्रकरण मिटले, असे जेव्हा कचेरीत मानले जाते, तेव्हा पालशेतच्या पित्याने पंधरा वर्षे लढून मिळविलेला तो लेख या आईबापांना मिळत नाही. कमावते वय कधीच न आलेल्या अर्भकांचे मोल गुणकाने मोजता येत नाही. त्यांच्या बाबतीत भरपाईचा एकच अर्थ उरतो, आणि तो म्हणजे काय घडले आणि कोणामुळे घडले याचे लेखी उत्तर.

म्हणून शासनाने अशा प्रत्येक धनादेशासोबत चौकशी अहवालाची प्रत त्या कुटुंबाच्या हाती द्यावी, आणि ती मराठीत द्यावी, एवढी माझी मागणी आहे. वाचकांना मात्र एक गोष्ट आजच सांगून ठेवतो. मागणी झाल्यापासून ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, आणि आंतररुग्णांची ती तीन वर्षे जपावीत, असा तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. कोणावर तसा प्रसंग आलाच, तर शोकाच्या त्या दिवसांत घरातील एकाने तेवढा अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी.